कानात बसणारं श्रवणयंत्र: रोजचा वापर आणि निगा

कानातलं मशीन बंद पडलं की घरात आधी दुरुस्तीच्या खर्चाची चर्चा सुरू होते. पण मुका झालेल्या मशीनचं आतलं इलेक्ट्रॉनिक्स बऱ्याचदा ठणठणीत असतं. आवाज बाहेर पडायच्या भोकात मळ अडकलेला असतो, सेल संपलेला असतो, नाहीतर घामाचा-पावसाचा ओलावा आत साचलेला असतो. ही तिन्ही कारणं घरी ओळखता येतात आणि पहिली दोन तर पाच मिनिटांत दूर होतात. ते माहीत नसलं की मशीन टेबलाच्या खणात जातं आणि तिथेच राहतं. म्हणून हे मार्गदर्शन मशीन लावणाऱ्यासाठी आहे, तसंच घरात ते सांभाळायला मदत करणाऱ्या मुलगा, सून, नातवंडांसाठीही आहे.

आधी मशीनची ओळख

कानात बसणाऱ्या यंत्रांचे प्रकार आकारावरून पडतात. सर्वात लहान आयआयसी, त्यापेक्षा थोडं मोठं सीआयसी. ही दोन्ही कानाच्या नळीत इतकी आत बसतात की समोरच्याला जवळपास दिसत नाहीत. आयटीसी नळीच्या तोंडाशी बसतं आणि आयटीई कानाची पूर्ण वाटी भरतं. जितकं लहान यंत्र तितका सेल लहान, भोकं बारीक आणि हाताळायला अवघड. ज्यांचे हात थरथरतात, मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे किंवा ज्यांना जवळचं नीट दिसत नाही, त्यांनी न दिसणाऱ्या मशीनचा हट्ट धरू नये. जे रोज स्वतःच्या हाताने घालता-काढता येतं तेच मशीन कामाचं. श्रवणदोष अतितीव्र असेल तर कानात बसणाऱ्या छोट्या यंत्राची ताकद पुरत नाही, तिथे कानामागचं मशीन लागतं.

मशीन पांढऱ्या रुमालावर ठेवा, चांगल्या उजेडात भिंगातून बघा. लाल खूण असेल तर ते उजव्या कानाचं, निळी असेल तर डाव्याचं. निमुळत्या टोकाला एक भोक दिसेल. तिथून आवाज कानात जातो. त्या भोकात मळ अडवणारं बारीक जाळीचं झाकण असतं, तो वॅक्स गार्ड. बाहेरच्या सपाट बाजूला सेलचं दार असतं आणि त्याच बाजूला माइकचं एक किंवा दोन टाचणीएवढी भोकं. काही यंत्रांत टोकापासून बाहेरच्या बाजूपर्यंत आरपार जाणारी एक नळी असते. तिला व्हेंट म्हणतात. कानात हवा खेळती राहावी आणि आपलाच आवाज घुमू नये म्हणून ती ठेवलेली असते. लहान मशीनला बाहेर काढण्यासाठी पारदर्शक धागा असतो, त्याच्या टोकाला छोटा मणी. यातली आवाजाची वाट, माइक आणि व्हेंट ही तीन भोकं नीट ओळखता यायला हवीत, कारण प्रत्येकाची सफाई वेगळी आहे.

घालणं आणि काढणं

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटांनी मशीन धरू नका, क्रीम किंवा तेल लागलेल्या बोटांनी तर नाहीच. पलंगावर किंवा दुपदरी टॉवेल अंथरलेल्या टेबलापाशी बसून घाला. बेसिनपाशी उभं राहून घालताना मशीन निसटलं तर फरशीवर आपटतं नाहीतर थेट मोरीत जातं.

उजव्या कानासाठी लाल खुणेचं मशीन उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरा. निमुळतं टोक कानाकडे, सेलचं दार बाहेर, धागा खालच्या बाजूला. डावा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. कानाची नळी वाकडी असते. असं ओढल्यावर ती बरीच सरळ होते आणि मशीन आपल्या जागी सरकतं. टोक आत घालून अगदी थोडं पुढेमागे हलवत आत न्या, मग तोंड उघडझाप करा आणि शेवटी बोटाच्या टोकाने हलकेच दाबा. आयटीई असेल तर त्याचं वरचं टोक कानाच्या वरच्या घडीखाली गेलंय का हे चाचपून बघा. ते बाहेर राहिलं की मशीन बसल्यासारखं वाटतं, पण जेवताना शिट्टी वाजायला लागते.

बहुतेक यंत्रं सेलचं दार बंद केलं की काही सेकंदांनी सुरू होतात आणि तेव्हा छोटी धून किंवा टुकटुक ऐकू येते. लगेच आवाज आला नाही म्हणून दार पुन्हा पुन्हा उघडू नका.

काढताना धाग्याचा मणी धरून सरळ बाहेर ओढा. घट्ट वाटलं तर कानामागे बोटाने थोडं दाबा, जबडा हलवा, मग ओढा. सेलच्या दाराला नख लावून मशीन ओढायची सवय अनेकांना असते. त्याने दाराची बिजागरी तुटते आणि एवढ्याशा प्लास्टिकच्या तुकड्यासाठी मशीन दुरुस्तीला द्यावं लागतं. धागा तुटला असेल तर चिमटा वापरू नका. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवण तपासून मशीन बसवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जा.

पहिले दोन-तीन दिवस कान थोडा भरल्यासारखा वाटतो. मात्र एका ठरावीक जागी दुखत असेल, लाली आली असेल, तर ती जागा लक्षात ठेवून ऑडिओलॉजिस्टला दाखवा. मशीनचं बाहेरचं कवच घासून किंवा नव्याने माप घेऊन ते दुरुस्त करता येतं. घरी पॉलिश पेपरने घासलं तर कवचाचा आकार बिघडतो, मशीन सैल होतं आणि मग शिट्टी थांबत नाही. घट्ट मशीन सरकावं म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका. गरज असेल तर त्यासाठीचं खास जेल मिळतं, तेही टोकापासून दूर, कवचाच्या बाजूला थेंबभरच.

सवय होईपर्यंत

श्रवणदोष हळूहळू वाढलेला असतो. पंख्याचा घरघराट, वर्तमानपत्राची सळसळ, स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज हे सगळं मेंदूने कित्येक वर्षं ऐकलेलंच नसतं. मशीन लावल्यावर हे आवाज एकदम अंगावर येतात. मशीन त्यासाठी खराब ठरत नाही. मेंदूला हे आवाज पुन्हा बाजूला सारायला शिकायचं असतं आणि त्याला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात.

पहिला आठवडा घरातच, शांत खोलीत, दिवसातून दोन-तीन तास लावा. एका वेळी एकाच माणसाशी बोला. रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. स्वतःच्या आवाजाची सवय होण्याचा याहून चांगला उपाय नाही. दुसऱ्या आठवड्यात टीव्ही, मग दोन-तीन जणांच्या गप्पा, अंगणातले आणि रस्त्यावरचे आवाज. लग्नाचं कार्यालय, भाजीबाजार, हॉटेल ही सर्वात अवघड ठिकाणं शेवटी. बरेच जण नेमकं उलट करतात: मशीन आणल्याच्या दुसऱ्या दिवशी लग्नाला लावून जातात, डोकं भणाणतं आणि मशीनवरचा विश्वास उडतो. सवय झाल्यावर मात्र सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लावा. फक्त पाहुणे आले की लावलं, तर मेंदूला दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो ही तक्रार अगदी नेहमीची. नळी बंद झाल्यामुळे हाडातून येणारा आपला आवाज आतच कोंडतो. महिनाभराने घुमणं कमी झालं नाही तर व्हेंट मोठा करता येतो किंवा मंद्र सूर कमी ठेवता येतात. ऑडिओलॉजिस्टला "बरं वाटत नाही" एवढंच सांगू नका. "भांड्यांचा आवाज टोचतो", "बायकांचं बोलणं कळतं, पुरुषांचं नाही", "पंखा चालू असला की काही कळत नाही" असं नेमकं सांगितलं तर प्रोग्रामिंग नेमकं होतं. एका कागदावर लिहून नेलं तर उत्तम.

दोन्ही कानांत दोष असेल तर दोन्ही मशीन लावा. आवाज कुठल्या बाजूने आला हे एका मशीनवर नीट कळत नाही आणि रस्ता ओलांडताना ते धोक्याचं असतं.

घरच्यांसाठी: आजोबांनी मशीन लावलंय म्हणजे आता दुसऱ्या खोलीतून हाक मारली तरी चालेल, असं होत नाही. समोर या, चेहरा दिसू द्या, आधी नाव घेऊन लक्ष वेधा आणि नेहमीच्या आवाजात, थोडं सावकाश बोला. ओरडलात तर मशीनमधून तो आवाज फाटका येतो. एखादं वाक्य कळलं नाही तर तेच तीनदा म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगा.

सेल

कानातल्या मशीनचा सेल त्याच्या स्टिकरच्या रंगावरून ओळखतात. पिवळा १० नंबर, तपकिरी ३१२, केशरी १३. निळा ६७५ मोठ्या ताकदीच्या कानामागच्या मशीनला लागतो, तो इथे बसणार नाही. दुकानात नंबर आणि रंग दोन्ही सांगा. १० नंबर साधारण ३ ते ७ दिवस चालतो, ३१२ नंबर ३ ते १० दिवस, १३ नंबर ६ ते १४ दिवस. रोज किती तास लावता, आवाज किती मोठा ठेवता आणि ब्लूटूथवर किती ऐकता यावर तो कमी-जास्त होतो.

हे सेल जस्त आणि हवेवर चालतात. सपाट बाजूला अतिशय बारीक भोकं असतात आणि त्यांवर स्टिकर चिकटवलेला असतो. स्टिकर काढला की हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. म्हणून स्टिकर काढल्यावर सेल लगेच बसवू नका. सपाट बाजू वर करून २ ते ५ मिनिटं टेबलावर ठेवा, मगच दारात घाला. घाईने घातलेला सेल पुरेसा जोर धरत नाही, मशीन सुरू होऊन बंद पडतं आणि चांगला सेल "खराब निघाला" म्हणून फेकला जातो. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही, तेव्हा लागेल तेव्हाच उघडा. सेलवर बोटांची घाण किंवा स्टिकरचा गोंद राहिला तर भोकं बुजतात.

सेल घालताना अधिकची (+) खूण असलेली सपाट बाजू दारावरच्या अधिकच्या खुणेशी जुळवा. दार सहज बंद व्हायला हवं. अडकलं तर सेल उलटा आहे; दाबून बंद करू नका.

या सेलचा एक स्वभाव लक्षात ठेवा. टॉर्चच्या सेलसारखा तो हळूहळू मंदावत नाही. शेवटपर्यंत जवळपास सारखा चालतो आणि मग एकदम संपतो. मशीन टुकटुक करून इशारा देतं, पण कान आधीच अधू असल्यावर तो चुकू शकतो. सेल बदलला त्या दिवशी स्टिकर कॅलेंडरच्या तारखेवर चिकटवा. पुढचा कधी लागेल याचा अंदाज आपोआप येतो. बाहेर जाताना खिशात एक न उघडलेलं पाकीट हवंच, पण सुट्या नाण्यांत आणि किल्ल्यांत सेल सुटा टाकू नका; धातूचा स्पर्श होऊन तो तिथेच संपतो. सेल फ्रिजमध्ये ठेवला तर जास्त टिकतो हा समज चुकीचा आहे. बाहेर काढल्यावर त्याच्यावर दव जमतं आणि नुकसान होतं. कपाटात, कोरड्या जागी ठेवा आणि विकत घेताना पाकिटावरची तारीख वाचा.

रात्री मशीन काढलं की सेलचं दार उघडं ठेवा. विजेचा खर्च थांबतो आणि आतला दमटपणाही बाहेर पडतो. आठवडाभर मशीन वापरणार नसाल तर सेल काढूनच ठेवा, नाहीतर तो फुगून किंवा पाझरून आतल्या पट्ट्या गंजवतो.

चार्जिंगच्या मशीनला ही उठाठेव नाही. पण चार्जरमध्ये ठेवण्याआधी मशीनवरचे आणि चार्जरमधले चकचकीत ठिपके कोरड्या कापडाने पुसा. तिथे मळ बसला तर रात्रभर ठेवूनही चार्ज होत नाही. दिवा लागलाय का हे बघूनच झोपा. वीज वारंवार जाणाऱ्या गावात राहत असाल तर पॉवर बँकवर चालणारा चार्जर घेणं शहाणपणाचं.

मळ: सर्वात मोठा शत्रू

कानाची नळी स्वतःच्या रक्षणासाठी मळ तयार करते. मशीन नेमकं त्याच वाटेत बसतं, त्यामुळे मळ बाहेर पडण्याऐवजी मशीनच्या टोकावर लेपला जातो. गार्ड असूनही त्याचा थर हळूहळू जाळी बुजवतो. आवाज आधी दबतो, मग पुटपुटल्यासारखा होतो, शेवटी बंद.

रोजची सफाई सकाळी, मशीन घालण्यापूर्वी करा. रात्री काढल्या काढल्या मळ ओला आणि चिकट असतो, पुसताना तो जाळीत आणखी खोल जातो. सकाळपर्यंत तो वाळतो आणि ब्रशने सुटतो. आधी पूर्ण मशीन मऊ, कोरड्या, धुतलेल्या सुती कापडाने पुसा. चष्म्याचं कापड चालेल. टिश्यू पेपर नको, त्याचे धागे भोकांत अडकतात. मग मशीनसोबत मिळालेल्या मऊ ब्रशने टोक झटका. आवाजाचं भोक जमिनीकडे तोंड करून धरा, म्हणजे सुटलेला मळ खाली पडेल. माइकची बाजू साफ करताना तेच: भोकं खाली आणि ब्रशही आधी टोकासाठी वापरलेला असेल तर झटकून घ्या, नाहीतर टोकाचा मळ माइकमध्ये जाईल. पाणी, साबण, स्पिरिट, सॅनिटायझर, कोलोन यांतलं काहीही लावू नका. टाचणी, सुई, काडीपेटीची काडी कुठल्याही भोकात घालू नका. आतला रिसीव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, एका टोचणीत फाटतो आणि तो मशीनच्या महागड्या भागांपैकी एक आहे.

व्हेंट साफ करायला जाड नायलॉनचा धागा मिळतो. तो बाहेरच्या बाजूने आत घाला, टोकातून बाहेर आला की त्यावरचा मळ पुसा आणि मगच मागे ओढा. हा धागा व्हेंटशिवाय दुसऱ्या कुठल्याही भोकात जाऊ देऊ नका.

वॅक्स गार्ड साधारण महिन्याने बदलावा लागतो, मळ जास्त होत असेल तर पंधरा दिवसांनीही. भिंगातून बघितल्यावर जाळी पिवळी किंवा काळपट दिसत असेल, किंवा आवाज दबला असेल, तर तारखेची वाट बघू नका. गार्ड छोट्या काडीवर बसवलेले येतात. काडीचं एक टोक रिकामं, दुसऱ्यावर नवा पांढरा गार्ड. पांढऱ्या कापडावर बसून हे करा, पडलेला गार्ड फरशीवर सापडत नाही.

१. रिकामं टोक जुन्या गार्डच्या मधोमध सरळ रोवा.
२. न फिरवता, न वाकवता सरळ बाहेर ओढा. जुना गार्ड काडीला चिकटून येतो.
३. काडी उलटी करून नवा गार्ड भोकात सरळ दाबा, कडा कवचाशी सपाट होईपर्यंत.
४. काडी सरळ मागे घ्या. गार्ड आत राहतो. बोटाने हलका दाब द्या.
५. वापरलेली काडी फेकून द्या.

गार्ड कंपनीनुसार वेगवेगळ्या मापाचे असतात. शेजाऱ्याच्या मशीनचे गार्ड बसतील असं समजू नका, थोडा सैल गार्ड कानात निघून राहू शकतो. जुना गार्ड धुऊन परत लावू नका. संपले म्हणून गार्डविना मशीन वापरू तर नकाच. कानात ओला मळ असताना दोन-चार दिवसांतच तो रिसीव्हरपर्यंत पोहोचू शकतो. जुन्या यंत्रांत गार्ड नसतो. त्यांच्यासोबत बारीक तारेची कडी मिळते. ती भोकात अगदी वरवर फिरवून मळ उचलायचा, आत ढकलायचं नाही.

स्वतःचा कान मात्र बड्सने साफ करू नका. बड्स मळ पडद्याकडे ढकलतात. मशीन लावणाऱ्यांनी दर तीन ते सहा महिन्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून, गरज असेल तर मळ काढून घ्यावा.

ओलावा, तेल आणि आपल्याकडचा पावसाळा

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत इतकी आर्द्रता असते की मशीन पावसात न भिजताही त्यात पाणी धरतं. आवाज येतो-जातो, खरखरतो, संध्याकाळी बंद पडतो आणि सकाळी पुन्हा चालतो, ही ओलाव्याची लक्षणं. विदर्भ-मराठवाड्यात हेच काम एप्रिल-मेचा घाम करतो.

सिलिका जेलची झाकणबंद डबी किंवा ड्रायिंग कॅप्सूल घ्या. रात्री मशीन पुसून, सेल काढून, दार उघडं ठेवून त्यात ठेवा. सेल डबीबाहेर ठेवायचा, कारण जेल त्याच्यातलाही ओलावा शोषून त्याचं आयुष्य कमी करतं. जेलचा रंग बदलला की ते भरलं असं समजा. काही प्रकारांत निळ्याचं गुलाबी होतं, काहींत केशरीचं हिरवं. पाकिटावर लिहिलं असेल तर ते वाळवून परत वापरता येतं. पावसाळ्यात ही डबी रोजचीच. कोकणात राहणाऱ्यांनी विजेवर चालणाऱ्या ड्रायरचा विचार करायला हरकत नाही.

अंघोळ, पोहणं, डोक्याला तेल लावणं, केसांना कलप, सलूनमध्ये केस कापणं, पावडर, हेअरस्प्रे: या सगळ्याआधी मशीन काढा आणि कान पूर्ण कोरडा झाल्यावरच परत घाला. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला कानात कोमट तेलाचे थेंब घालायची जुनी पद्धत मशीन लावणाऱ्याने सोडावी. ते तेल मळ पातळ करतं आणि तो दिवसभर मशीनमध्ये झिरपत राहतो. मळ मऊ करायला डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर ते रात्री, मशीन काढल्यावर घाला. अत्तराचा फायाही मशीन असलेल्या कानात नको.

मशीन पाण्यात पडलं, खिशात राहून शर्टसोबत धुतलं गेलं, तर लगेच बाहेर काढा, सेल काढून फेका, कोरड्या कापडाने टिपा आणि दार उघडं ठेवून किमान २४ तास सिलिका जेलमध्ये ठेवा. हेअर ड्रायर, ओव्हन, कडक ऊन, गॅसची उष्णता यांनी कवच वाकतं आणि आतली जोडणी सैल होते. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका, त्याची भुकटी भोकांत बसते. वाळल्यावर चाललं तरी एकदा तपासून घ्या. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हाच्या खिडकीत मशीन ठेवणं कायमचं टाळा.

शिट्टी वाजते तेव्हा

मशीनमधून बाहेर निसटलेला आवाज परत माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. कानाशी हात नेला, कुणी मिठी मारली, मफलर किंवा हेल्मेट घातलं आणि क्षणभर वाजली, तर काळजीचं कारण नाही. सतत वाजत असेल तर मशीन काढून नीट परत बसवा. तरीही वाजली तर कानात मळ साचलेला असण्याची शक्यता मोठी. आवाज मळावर आपटून परत येतो. तो काढल्यावरही थांबली नाही, तर मशीन सैल झालं असेल. वजन उतरलं, दातांची कवळी नवी बसवली, वय वाढलं की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि नवं माप घ्यावं लागतं. आवाज कमी करून शिट्टी थांबवणं म्हणजे ऐकू येणंच कमी करणं, तो उपाय नव्हे.

आवाजच येत नाही

याच क्रमाने बघा. नवा सेल घाला, पाच मिनिटांच्या नियमाने. गार्ड बदला. माइक ब्रशने साफ करा. सेलच्या जागेतल्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर दिसतोय का बघा. असेल तर खरवडू नका, दुरुस्तीला न्या. आवाजाचं बटण चुकून अगदी खाली गेलंय का, वेगळा प्रोग्राम लागलाय का, हेही तपासा. एक सोपी चाचणी: चालू मशीन बंद मुठीत धरा. शिट्टी वाजली तर मशीन जिवंत आहे आणि दोष बहुधा कानातल्या मळाचा. नव्या यंत्रांत शिट्टी दाबण्याची सोय असते, त्यामुळे तिथे मुठीत आवाज न येणं हा मशीन मेल्याचा पुरावा मानू नका. सगळं करूनही काही नाही, तर एक रात्र जेलमध्ये ठेवा आणि मग ऑडिओलॉजिस्टकडे जा.

दोन्ही मशीन चालू असून एखाद्या कानाचं ऐकू येणंच अचानक, दोन-तीन दिवसांत खाली गेलं असेल, तर मशीनशी खटपट करत बसू नका. अचानक आलेल्या बहिरेपणावर उपचार शक्य तितक्या लवकर, पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुरू व्हायला हवेत. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. कान वाहत असेल, रक्त आलं असेल, ठणका किंवा चक्कर असेल, तरी मशीन काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. वाहत्या कानात मशीन घातलं की पू आतच कोंडतो आणि मशीनही जातं.

बाहेर, प्रवासात, सणासुदीला

फोन नेहमीसारखाच कानाला लावा, पण घट्ट दाबू नका. माइक कानाच्या तोंडाशीच असल्यामुळे फोन किंचित तिरका, थोडं अंतर ठेवून धरला की स्वच्छ ऐकू येतं. हेल्मेट घालताना-काढताना आतला पट्टा मशीनला लागून ते रस्त्यावर पडतं. आधी मशीन काढा, डबीत ठेवा, मग हेल्मेट. डबी म्हणजे मशीनची डबी. रुमालात गुंडाळलेलं मशीन रुमालासोबत धुतलं जातं.

गणपतीतला ढोलताशा, डीजे, दिवाळीचे फटाके यांच्याजवळ मशीन लावून थांबू नका. मशीन बंद करून कानात ठेवलं तरी ते इअरप्लगचं काम पुरेसं करत नाही, व्हेंट असलेलं तर मुळीच नाही. दूर जा किंवा मशीन काढून इअरप्लग घाला. उरलेलं ऐकू येणं वाचवणं मिरवणुकीपेक्षा मोलाचं आहे. विमानात मशीन लावून बसायला हरकत नाही. एमआरआयच्या खोलीत मात्र मशीन नेऊ नका. सीटी स्कॅन आणि डोक्याच्या एक्स-रेच्या वेळीही काढून ठेवा.

घरात लहान मूल असेल तर सेल गोळ्या-चॉकलेटच्या जागी ठेवू नका. आजी-आजोबांच्या गोळ्यांच्या डबीत सेल ठेवले की औषध समजून मोठ्यांनीही गिळल्याचे प्रकार होतात. सेल गिळला असेल तर वाट न बघता थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि सेलचं पाकीट सोबत न्या. नाकात किंवा कानात अडकला असेल तर पाणी, तेल, थेंब काहीही न घालता ताबडतोब डॉक्टरांकडे. ओलाव्याने आतली त्वचा जळते. कुत्रा पाळला असेल तर मशीन उंचावर, बंद डबीत. मळाचा वास आणि शिट्टी कुत्र्याला खेचून आणते आणि चघळलेलं मशीन दुरुस्त होत नाही.

तपासणीला जाताना

वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून घ्या. ऐकू येणं थोडंसं जरी बदललं असलं तरी मशीनचं प्रोग्रामिंग बदलावं लागतं. जुन्या ऑडिओग्रामवर (श्रवणचाचणीच्या आलेखावर) चालणारं मशीन नवं असूनही कमी पडतं. दर सहा महिन्यांनी मशीनची आतून सफाई करून घ्या, पावसाळ्यानंतर लगेच केली तर जास्त बरं. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली ऑडिओलॉजिस्ट आहे का हे विचारायला संकोच करू नका. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, शिवाय अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांतही श्रवणचाचणी होते.

जाताना दोन्ही मशीन, डबी, उरलेले गार्ड आणि सेल, जुना ऑडिओग्राम, हमीपत्र आणि तक्रारींचा कागद न्या. रोज जो माणूस तुमच्याशी सर्वात जास्त बोलतो त्यालाही सोबत न्या. तुम्हाला काय ऐकू येत नाही हे बऱ्याचदा त्यालाच आधी कळतं. मशीन दुरुस्तीला ठेवलं तर पावतीवर मशीनचा नंबर, कान डावा की उजवा आणि तक्रार लिहून घ्या आणि दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरतं मशीन मिळतं का तेही विचारा.

साधारण पाच वर्षांनी मशीन बदलायची वेळ येते. नवं घेतलं तरी जुनं चालू असेल तर साफ करून, सेल काढून, सिलिका जेलच्या डबीत ठेवा. नवं दुरुस्तीला गेलं की तेच कामी येतं.